रुंबुला आणि बिकेर्निएकी : एकाच शहराची दोन स्मारके

लात्वियाची राजधानी रीगा येथे ज्यूसंहाराची दोन स्मारके पाइन वृक्षांच्या रानात उभी आहेत. दोन्ही जागी माणसे खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घालून मारली गेली आणि दोन्ही स्मारकांचा वास्तुरचनाकार एकच, सर्गेय्स रिझ्स. बिकेर्निएकीचे स्मारक ३० नोव्हेंबर २००१ रोजी खुले झाले आणि रुंबुलाचे त्यानंतर एका वर्षाने. त्यामुळे एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या नावाखाली छापले गेले, तर नवल वाटू नये. तेथे काय घडले हे पाहिले, की मात्र दोन्ही जागा स्पष्टपणे वेगळ्या होतात.

रुंबुलाचा संहार दोनच दिवसांचा आहे. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दिवशी नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी फ्रीडरिश येकेल्न याच्या आखणीनुसार रीगाच्या घेट्टोतील, म्हणजे ज्यूंना सक्तीने कोंडलेल्या वस्तीतील, ज्यूंना, ज्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध मोठ्या संख्येने होते, कडाक्याच्या थंडीत पायी चालवत या रानात आणण्यात आले, आणि सुमारे २५,००० जणांना ठार करण्यात आले. बिकेर्निएकीत हत्या जुलै १९४१ पासून १९४४ पर्यंत अधूनमधून होत राहिल्या. तेथील बळींमध्ये लात्वियातील ज्यू, सोव्हिएत युद्धकैदी आणि राजकीय कैदी आहेतच. शिवाय जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून आगगाड्यांनी आणलेले हजारो ज्यू आहेत. मार्च १९४२ मध्ये त्यांच्यातील अनेकांना, विशेषतः वृद्ध व आजारी माणसांना, ड्युनामुंडे येथील मासळीच्या कारखान्यात हलके काम मिळेल असे सांगून गाड्यांत बसवले गेले आणि त्या गाड्या बिकेर्निएकीच्या रानात थांबल्या.

स्मारकांची भाषा याच फरकातून आलेली आहे. रुंबुलाच्या मधोमध सात शाखांचा मेनोरा हा ज्यू दीपवृक्ष आहे. त्याच्या भोवतालच्या दगडांवर मृतांची नावे कोरलेली आहेत, तर फरसबंदीतील काही दगडांवर घेट्टोतील रस्त्यांची नावे आहेत. म्हणजे ज्या वाटांवरून लोक चालत निघाले, त्या वाटांची नावे येथे पायांखाली येतात. बिकेर्निएकीत दगड सुमारे ५,००० आहेत; ग्रॅनाइटचे, ओबडधोबड, लहानमोठे, दाटीने उभे केलेले, जणू गर्दीच. ते चौकोनांत विभागलेले असून चौकोनांवर शहरांची नावे आहेत, कारण येथे आणलेली माणसे ज्या गावांतून निघाली ती गावे हीच त्यांची ओळख शिल्लक राहिली. मध्यभागी पांढऱ्या कमानीखाली काळ्या ग्रॅनाइटचा चौरस ठोकळा आहे. त्यावर बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकातील, 'भूमीने माझे रक्त झाकू नये' अशा आशयाचे वचन चार भाषांत कोरलेले आहे.

स्मारके उभारणारे हातही वेगळे आहेत, आणि मला हाच भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. बिकेर्निएकीच्या स्मारकाचे काम सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस रखडले होते. ते पुढे जर्मन युद्धसमाधी संस्थेच्या पुढाकाराने पूर्णत्वास गेले, आणि ज्या जर्मन शहरांतून माणसे पाठवली गेली होती त्यांनीही त्यास साहाय्य केले. रुंबुलाची कहाणी याहून जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रीगातील ज्यू नागरिकांनी स्वतः ही जागा साफ केली, आणि १९६४ मध्ये तेथे एक दगड बसवला. त्यावर 'फॅसिझमच्या बळींना' एवढेच लिहिलेले होते. ज्यू हा शब्द नव्हता, कारण सोव्हिएत धोरणानुसार बळी हे केवळ सोव्हिएत नागरिक होते. परंतु रशियन आणि लात्वियन भाषांबरोबर तोच मजकूर यिद्दिश या हिब्रू लिपीत लिहिल्या जाणाऱ्या ज्यूंच्या भाषेतही कोरला गेला. मजकुरात जे सांगता आले नाही, ते त्या लिपीने सांगितले.

तरीही 'रुंबुला म्हणजे स्थानिक ज्यू आणि बिकेर्निएकी म्हणजे बाहेरून आणलेले' असे सूत्र करून ठेवणे धोक्याचे आहे. बिकेर्निएकीत १९४१ च्या उन्हाळ्यात प्रथम मारले गेले ते रीगाचेच ज्यू पुरुष होते. आणि ३० नोव्हेंबरच्या सकाळी, घेट्टोतील लोक रुंबुलाला पोहोचण्यापूर्वीच, बर्लिनहून आलेल्या आगगाडीतील सुमारे १,००० ज्यूंना त्याच खड्ड्यांशी नेऊन ठार करण्यात आले होते.