स्प्रिंग स्टीलचं क्वेंचिंग आणि 'रॅपिड' शब्दाचा घोळ

पोलाद लाल करून पाणी पाजलं (हेच क्वेंचिंग, म्हणजे झटक्यात गार करणं) की कडक होतं, हे लोहारांना फार पूर्वीपासून माहीत, ते सोडून देऊ. लॅबच्या दृष्टीने खरी सुरुवात 1930 ची, तेव्हा टीटीटी (वेळ-तापमान-रूपांतर) आकृती आली आणि कुठल्या तापमानाला किती सेकंदात परलाइट किंवा बेनाइट (पोलादाच्या कमी कडक अंतर्गत रचना) होतं ते कागदावर दिसायला लागलं. त्या वक्राचं नाक, म्हणजे रूपांतर सगळ्यात लवकर सुरू होतं तो बिंदू, साधारण 550 डिग्रीच्या आसपास, ते चुकवून खाली आलात तर मार्टेन्साइट, म्हणजे सगळ्यात कडक रचना. काही वर्षांतच पोलाद किती खोलवर कडक होतं ते पाहणारी एंड-क्वेंच टेस्ट आली, 25 मिमी जाड आणि 100 मिमी लांब दांडा, पाण्याचा फवारा फक्त एका टोकाला.

आता घोळ. 1960 मध्ये सोनं-सिलिकॉनचा वितळलेला थेंब सेकंदाला दहा लाख डिग्रीच्या घरात गार करून धातूची काच (स्फटिकरचना नसलेला धातू) मिळवली गेली, आणि तेव्हापासून 'रॅपिड क्वेंचिंग' हे नाव त्या मंडळींनी जवळजवळ पळवलंच. म्हणजे तुम्ही स्प्रिंग स्टीलचं शोधायला जाता आणि हाती येतात पातळ रिबनवरचे पेपर! आपलं पोलाद घनच असतं, सेकंदाला शंभर डिग्री म्हणजे आपल्याकडे झकास वेग.

दुसरा वाद तेल की पाणी. 0.6 टक्के कार्बन, दीडएक टक्का सिलिकॉनचं स्प्रिंग स्टील 860-870 ला तापवून तेलातच टाकायचं, पाण्यात तडकतं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. 1960 च्या दशकात उलटा दावा आला की वेग वाढवत नेला तर तडकण्याचा धोका आधी वाढतो पण एका हद्दीपुढे परत कमी होतो, कारण पृष्ठभागावर सगळीकडे एकदम मार्टेन्साइटचं कवच तयार होतं आणि ते दाबाखाली राहतं. मला हे पटतं, तरी बरेच जण अजून तेल सोडायला तयार नाहीत.

लॅबमधून याचा निकाल लागणं अवघड आहे. डायलॅटोमीटरमध्ये (तापमानाबरोबर लांबी कशी बदलते ते मोजणारं यंत्र) सॅम्पल 4 मिमी जाड, 10 मिमी लांब, त्यावर तापमान मोजणारा केसासारखा थर्मोकपल वेल्ड केलेला. गार करायला हीलियम सोडला की लांबीची रेघ सरळ खाली, सॅम्पल आखडत जातं, आणि तीनशेच्या खाली कुठेतरी अचानक वर वळते, म्हणजे मार्टेन्साइट सुरू. पण एवढ्याशा तुकड्यात आत-बाहेर तापमानाचा फरकच नगण्य, मग कवच बनणार कुठून? स्प्रिंगच्या जाड पाट्याचं उत्तर त्याच्याकडे मागण्यात अर्थ नाही.