वर्षाच्या आत शी-शूची सवय: एक खुलासा

‘वर्षाच्या आत शी-शूची सवय लावली नाही, तर मूल पुढे ऐकत नाही’ हा समज बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; तो बरोबर नाही. आजी पाय पसरून दोन्ही पावलांवर सहा महिन्यांच्या बाळाला बसवते, ‘शूऽऽ’ करते आणि बाळ शू करते, हे खरे. पण त्यात वेळ ओळखण्याचे कसब आजीचे असते, बाळाचा ताबा नसतो. (त्यात अपाय काहीच नाही, आणि लंगोटही कमी धुवावे लागतात.)

स्वतःहून रोखून धरण्याची तयारी बहुतेक मुलांत साधारण 18 महिन्यांनंतर दिसू लागते, काहींत तिसऱ्या वर्षापर्यंतही लांबते. दोन तास लंगोट कोरडा राहणे, मुलाने चड्डी स्वतः खाली ओढणे आणि ‘शू आली’ हे शब्दाने वा खुणेने, मराठीत असो की अंगणवाडीत कानावर पडलेल्या कन्नडात, सांगणे या त्या तयारीच्या खुणा होत. त्याआधी रागावून बसवून ठेवल्यास मूल शी दाबून धरते, खडा होतो, दुखते आणि दुखते म्हणून ते आणखी दाबते. रात्रीचा ताबा तर याहून उशिरा येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार मानत नाहीत.