पार्श्वभूमी : 'नोटेशन येतं का?' आणि वरच्या टिंबाचा घोळ

गणपती जवळ आले की कोल्हापुरात वादकांची जमवाजमव सुरू होते आणि फोनवर ठरलेला प्रश्न येतो : "नोटेशन येतं का?", म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर वाचता येतात का? विचारणारा बँडवाला असेल तर त्याच्या मनात पाच रेघांचा स्टाफ असतो, क्लासवाला असेल तर सारेगम. ऑर्केस्ट्रावाल्याला एवढंच हवं असतं की कागद समोर ठेवल्यावर इंटरल्यूड, म्हणजे कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा, चुकू नये.

स्वर अक्षरांत लिहिणं आपल्याकडे जुनंच. तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकरा'तही ते आहे. पण घराण्यांची तालीम तोंडी, आणि चीज (रागातली बांधलेली रचना) कागदावर उतरली की घराबाहेर गेली, ही धास्ती. संगीत नाटकाने आपली सोय वेगळीच केली. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या पदाची ओळ छापायची. मूळ पद कानात असेल तर काम झालं. नसेल तर कागद मुका. १९१५ साली इथे पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेव्हाही नटांच्या हातात असलेच कागद असत.

त्याच सुमारास स्वर लिहिण्याच्या दोन लिप्या रुजत होत्या, कर्त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या : भातखंडे आणि पलुसकर. दुसरीचे कर्ते १८७२ साली कुरुंदवाडला, म्हणजे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातच जन्मले. तरी इथल्या क्लासांतून आज भातखंडे पद्धतच जास्त दिसते. छापायला आणि फळ्यावर लिहायला ती सुटसुटीत हे खरंच, पण घरचं माणूस मागे पडल्याची थोडी चुटपुट लागते.

खरा घोळ टिंबाचा. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं); मधल्याला टिंब नाही. पलुसकर पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसाठी डोक्यावर उभी रेघ. ती उभी रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर (म) आली की तीव्र, म्हणजे चढा मध्यम! शून्याचंही तेच : भातखंड्यांकडे ते तालातली 'खाली' (टाळी नसलेली जागा), पलुसकरांकडे अर्धी मात्रा. एका पद्धतीत शिकलेल्याने दुसरीतला कागद डोळे झाकून वाचला तर वरचा षड्ज (सा) चक्क दोन सप्तकं खाली उतरतो. दोन्ही लिप्या शेजारी ठेवून शिकवणारे शिक्षक मोजकेच. परीक्षेत ज्या पद्धतीला गुण, तीच मुलांना येते.

स्टाफची वाट निराळी. तो आला बँडमधून आणि पुढे सिनेमातून. १९३२चा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला. पुढच्याच वर्षी तो काढणारी 'प्रभात' कंपनी पुण्याला गेली आणि हळूहळू मोठं काम मुंबईत एकवटलं. तिथे गोव्याच्या चर्चच्या शाळांत सोल्फा (डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) गिरवलेले वादक बसलेले. ऐनवेळी आलेला कागद पहिल्या टेकला वाजवणाऱ्याला खुर्ची आधी मिळे. कानाने वाजवणारा कितीही तयारीचा असला तरी त्याला चार वेळा ऐकवावं लागतं, आणि स्टुडिओचं भाडं तासावर असतं. वाचनाची किंमत इथे कळते. यमनसारखा राग शिकायला मात्र कागद लागत नाही.

पट्टी, म्हणजे गायक ज्या सुराला सा धरतो तो, हा मात्र स्टाफवाल्यांचा कच्चा दुवा. सारेगम लिहिलेला कागद पांढरी एकच्या (पेटीची पहिली पांढरी पट्टी, म्हणजे सी) गायकालाही चालतो आणि काळी पाचच्याही (पाचवी काळी, म्हणजे बी फ्लॅट). स्टाफवर स्वर ठरलेले. गायकाने अर्धा सूर खाली मागितला की सगळं मनातल्या मनात सरकवायचं. त्यात बँडची क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅटची : कागदावर सी, कानावर काळी पाच.

आता मोबाइलवर पीडीएफ फिरतात, त्यांवर पट्टीही नसते आणि पद्धतीचं नावही नसतं. मुरलेले साथीदार अशा वेळी टिंबाकडे बघतच नाहीत, तालाचे आकडे बघतात. तीनतालाच्या दुसऱ्या विभागाखाली २ असेल तर भातखंडे, ५ असेल तर पलुसकर.