नंबर प्लेटवरून बेस गिटारचं साल ठरत नाही

जुनी फेंडर बेस गिटार विकणारा मागची प्लेट दाखवतो आणि नंबरावरून साल सांगून मोकळा होतो. हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्यापायी लोक भलतीच किंमत मोजतात. 1976 पूर्वी नंबर बहुधा नेक प्लेटवर, म्हणजे नेक (गिटारची लांब मान) बॉडीला जोडणाऱ्या मागच्या धातूच्या प्लेटवर असे आणि या प्लेटा कारखान्यात हाताला येतील तशा बसवल्या जात. शिवाय चार स्क्रू काढले की प्लेट दुसऱ्या गिटारला लागते.

खरा पुरावा आत असतो. नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर बऱ्याचदा तारीख सापडते, पण ती नेक तयार झाल्याची. मग व्हॉल्यूम-टोनचे पॉट, म्हणजे त्या बटणांखाली फिरणारे विद्युत भाग बघा. त्यांच्यावर 1376633 असेल, तर 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 66 म्हणजे 1966 आणि 33 हा त्या वर्षातला आठवडा. तारा पॉटला जोडणारं सोल्डर मूळचं असेल, म्हणजे पॉट बदललेला नसेल, तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही. नंतरची मात्र असू शकते, कारण फेंडरने 1966 चे पॉट पुढेही काही वर्षं वापरले.

म्हणून दुरुस्तीत पॉट खरखरला की लगेच फेकू नका! आधी कॉन्टॅक्ट क्लीनर (विद्युत जोड साफ करणारा स्प्रे) मारून चांगला फिरवून पाहा. बदलावाच लागला, तर जुना पॉट गिटारच्या केसमध्येच जपून ठेवा.