क्रिकेटने सोडलेले चार महिने

पाऊस लागला की आझाद मैदानावरच्या खेळपट्ट्या गवतात बुडतात आणि त्याच गवतात गोलपोस्ट उभे राहतात. मुंबईच्या शालेय फुटबॉलचा बराचसा इतिहास या अदलाबदलीत आहे. क्रिकेटने मैदान सोडलं की फुटबॉलने शिरायचं आणि क्रिकेट परतलं की निघायचं. भाडेकरूच म्हणा, फक्त करार शंभरहून अधिक वर्षं चाललेला.

मैदानाची गोष्ट त्याहून जुनी. फोर्टच्या तटबंदीबाहेर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जमीन म्हणजे एस्प्लनेड. 1860च्या दशकात तट पाडला गेला, शहर बाहेर सरकलं, रस्ते आले, आणि उरलेल्या मोकळ्या जमिनीचे तुकडे झाले: ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज. पिंपं बनवणाऱ्या कूपरांची वखार जिथे होती ते कूपरेज. या जमिनीवर खेळायचं कोणी, यावरून भांडणं झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गोऱ्यांचे पोलोचे घोडे आणि पारशी-हिंदू पोरांचं क्रिकेट यांत अर्ज-विनंत्यांची लढाई झाली. त्या लढाईत फुटबॉल कुठेच नव्हता. फुटबॉल हा तेव्हा पलटणींचा खेळ. 1891मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेत पहिली कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचंच राज्य होतं.

दोनच वर्षांनी, 1893मध्ये, शाळांच्या खेळांसाठी संघटना स्थापन झाली. तीच आजची मुंबई शालेय क्रीडा संघटना, पोरांच्या तोंडी ‘एमएसएसए’. गंमत अशी की त्याच वर्षी कलकत्त्यात इंडियन फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. एका शहराने फुटबॉलची संस्था काढली. दुसऱ्याने शाळांची काढली, पण तिचं नाव गाजलं ते क्रिकेटच्या ढालींमुळे. लॉर्ड हॅरिस हे 1890 ते 1895 मुंबईचे गव्हर्नर आणि त्याआधी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान. त्यांच्या नावाची हॅरिस शिल्ड आणि शिक्षण खात्यातल्या जाइल्स यांच्या नावाची जाइल्स शिल्ड आजही शाळकरी क्रिकेटपटूंच्या डोळ्यांपुढे असतात. फेब्रुवारी 1988मध्ये तेंडुलकर-कांबळी जोडीने 664 धावांची भागीदारी केली ती हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात, याच आझाद मैदानावर. शाळेच्या फुटबॉल सामन्याची अशी एकही तारीख मुंबईकराला पाठ नाही.

पावसात क्रिकेट थांबतं हेही अर्धसत्यच. 1948पासून कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळली जाते. पण ती क्लबांची. शाळांच्या वेळापत्रकात मात्र पावसाचे महिने फुटबॉलच्या वाट्याला आले आणि त्यातून एक खास मुंबईचा खेळ घडला. डबक्यात चेंडू अडतो, त्यामुळे जमिनीवरून पास देण्यापेक्षा उचलून मारण्याला किंमत. गोलरक्षकाच्या पुढ्यात तर जुलै अखेरीस गवत राहतच नाही, नुसतं चिखलाचं ताट. सकाळी मैदानावर पोहोचलेल्या संघाने सरांच्या तोंडून ‘आजची मॅच नाही’ ऐकून लोकलने परत जायचं, हा तर हंगामाचाच भाग.

मग या हंगामात जिंकत कोण आलं? मिशनऱ्यांच्या शाळा. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस 1863ची, माझगावची सेंट मेरीज 1864ची, धोबीतलावची सेंट झेवियर्स 1869ची, तिन्ही जेझुइट पाद्र्यांच्या. खेळाने मुलगा घडतो ही त्या काळच्या इंग्रजी शाळांची श्रद्धा या पाद्र्यांनीही उचलली होती. पुढे माटुंग्याला डॉन बॉस्को आली. तिच्या सेलेशियन पंथात तर मुलांना आधी अंगणात खेळायला बोलवायचं, शिकवणं मागून, अशी खुद्द संस्थापकाचीच रीत. गेल्या काही दशकांत आंतरशालेय फुटबॉलच्या विजेत्यांत माटुंग्याचं नाव पुन्हा पुन्हा दिसतं, त्यामागे ही परंपरा आहे आणि शाळेचं स्वतःचं मोठं मैदानही आहे. मला विचाराल तर मैदान जास्त.

कारण हिशेब सरळ आहे. कबड्डीला 13 बाय 10 मीटर जागा लागते, खो-खोला 27 बाय 16. फुटबॉलला नियमाने किमान 90 बाय 45. गिरगाव-दादरच्या कित्येक मराठी शाळा चाळींच्या गर्दीत, दोन-तीन मजल्यांच्या इमारतींत भरल्या. त्यांच्या अंगणात कबड्डी, खो-खो, मल्लखांब मावला आणि त्यांत त्यांनी नाव काढलं. मराठी पोरांना फुटबॉलची आवड नाही, हे अनेकदा ऐकू येणारं वाक्य कोल्हापूरच्या एका फेरीत खोटं ठरतं. तिथे पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. मुंबईत आवड होती, जागा नव्हती.

बुटांचा खर्च हा आणखी एक उंबरठा. 1948च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. 1952मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मार खाल्ल्यावर बूट सक्तीचे झाले. ही सक्ती खाली झिरपत आली तसा शाळेच्या संघात येण्याआधी घरून एक खरेदी करणं भाग झालं.

शहराबाहेर जायची वाट 1960मध्ये उघडली. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने दिल्लीत शाळांची देशव्यापी स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुखर्जी टोकियोत अचानक वारले. शाळांच्या दृष्टीने बदल मोठा होता: शहरातली स्पर्धा जिंकणं हा आता शेवट राहिला नाही. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली, अशी शिडी लागली. सरकारी शालेय स्पर्धांचे 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट आणि दहावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण यांमुळे पालकही त्या शिडीकडे बघू लागले. वय लपवण्याचे प्रकारही मागोमाग आले, ते सांगायला नकोत. मुलींसाठी सुब्रतोत गट यायला मात्र 2012 उजाडलं.

2017मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्याच्या काही आठवडे आधी 15 सप्टेंबरला राज्यभर लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला उतरवण्यात आलं. महाराष्ट्राच्या वाट्याचे विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भारताच्या संघातला अनिकेत जाधव मात्र मुंबईचा नव्हे, कोल्हापूरचा.

दरम्यान आझाद मैदान आक्रसत गेलं. एक भाग मोर्चा-आंदोलनांना, आणि मेट्रो-3च्या कामासाठी एक तुकडा काही वर्षं पत्र्यांआड. मैदानाची उणीव आता तासाच्या भाड्यावर मिळणारे टर्फ भरून काढतात, गच्चीवर, मॉलच्या मागे, जाळ्या लावून. वर्षाचे बारा महिने तिथे फुटबॉल चालतो, पाच-सहा जणांचा, सपाट हिरव्या गालिच्यावर. तिथेच तयार झालेली पोरं जुलैत शाळेच्या संघातून आझाद मैदानावर उतरतात, पहिलाच पास जमिनीवरून देतात आणि चेंडू अर्ध्या वाटेत पाण्यात बसतो.