सहसंबंधाचा आकडा आणि सिमला ऑफिस

पावसाळा जवळ आला की अमुक गोष्टीचा पावसाशी ०.६ इतका सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने कमीजास्त होतात याचे माप) आढळला, अशा बातम्या वाचायला मिळतात आणि वाचणारा सहज समजतो की साठ टक्के खात्री झाली. परंतु सहसंबंध गुणांक ही टक्केवारी नव्हे.

हा गुणांक काढताना दरवर्षीचा पाऊस सरासरीपेक्षा किती वर वा खाली होता आणि दुसरी राशी, म्हणजे पावसाशी ताडून पाहायची मोजमापाची गोष्ट, तिच्या सरासरीपासून किती दूर होती, या दोन फरकांचा गुणाकार करतात. दोन्ही फरक एकाच बाजूचे असतील तर गुणाकार धन येतो, विरुद्ध बाजूंचे असतील तर ऋण. या गुणाकारांच्या बेरजेला दोन्ही राशींच्या चढउतारांच्या मापाने भागले की उत्तर −१ ते +१ यांच्या दरम्यान येते. ०.६ चा वर्ग ०.३६, म्हणजे पावसाच्या विचरणापैकी, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीपैकी, ३६ टक्केच भाग सरळ रेषेने सांगता येतो. यातला 'सरळ रेषेने' हा शब्द सोडून चालत नाही. −२, −१, ०, १, २ या संख्या आणि त्यांचे वर्ग ४, १, ०, १, ४ घ्या. वर्गांची सरासरी २, म्हणून गुणाकार −४, १, ०, −१, ४ असे येतात. नाते पक्के असूनही गुणांक शून्य!

याहून मोठी फसगत निवडीतून होते. गिल्बर्ट वॉकर हे गणिती १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. खात्याचे मुख्यालय तेव्हा सिमल्याला होते. १९२८ मध्ये हे मुख्यालय पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण आजही सिमला ऑफिस म्हणतो. दूरदूरच्या ठिकाणांचा हवेचा दाब, हिमवर्षाव अशा अनेक राशी मान्सूनशी ताडून पाहणाऱ्या वॉकर यांनी १९१४ मध्येच बजावले होते की, पुष्कळ गुणांकांतून सर्वांत मोठा निवडला असेल तर त्याची कसोटीही तितकीच कडक हवी. तीस वर्षांच्या नोंदींत असंबद्ध राशीचा गुणांक ±०.३६ च्या पलीकडे जाण्याची शक्यता फक्त ५ टक्के असते. पण परस्परांशीही संबंध नसलेल्या अशा वीस राशी तपासल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी ती मर्यादा ओलांडण्याची शक्यता ६४ टक्के होते. म्हणून बातमीत गुणांकाबरोबर वर्षे किती आणि राशी किती तपासल्या, हे छापलेच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. मृगाचे वाहन म्हैस की कोल्हा यावरून पाऊस सांगण्याला तर काहीच आधार नाही. खरे ठरलेले वर्ष घरोघरी आठवते आणि चुकलेल्या वर्षांची नोंद कोणी ठेवत नाही.

वॉकर यांना सापडलेले अनेक संबंध पुढच्या वर्षांत विरून गेले. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांवरील हवेच्या दाबाचे 'दक्षिणी दोलन', म्हणजे एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटण्याचा झोका, मात्र टिकले, आणि समुद्राच्या तापमानाशी असलेले त्याचे नाते हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडून दाखवले.