बॅटरी उलटी जोडणे वेगळे आणि १२ च्या जागी २४ व्होल्ट देणे वेगळे : मोटरहोमचा बिघाड शोधताना

मोटरहोममधील (राहण्याची सोय असलेल्या गाडीतील) बॅटरी बदलल्यावर दिवे, पंप किंवा फ्रिज बंद पडला की बडोद्यातल्या आमच्या मंडळींकडून ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘जोडणी चुकली होती, लगेच सुधारली, फ्यूजही शाबूत आहेत, मग चालत का नाही?’ ‘जोडणी चुकली’ या दोन शब्दांत दोन अगदी निराळ्या चुका एकत्र कोंबल्या जातात, आणि पुढची सगळी शोधाशोध तिथेच भरकटते. एक चूक म्हणजे प्लस आणि मायनस यांची अदलाबदल. दुसरी म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पॅरललऐवजी (प्लसला प्लस, मायनसला मायनस) सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडून गाडीला २४ व्होल्ट देणे.

सिरीज आणि पॅरलल यांतला फरक घरी दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असलेल्या पुष्कळांना ठाऊक असतो, म्हणून तो अधिक उलगडत नाही. मात्र नेमकी ती ओळखच इथे घात करते. घरचा मोठा इन्व्हर्टर बहुधा २४ व्होल्टचा असतो आणि गोल्डन चोकडीजवळून अहोरात्र धावणारे अवजड ट्रकही २४ व्होल्टवर चालतात, त्यामुळे दोन बॅटऱ्या समोर दिसल्या की सवयीचा हात त्या सिरीजमध्येच जोडतो. उलट्या जोडणीचे कारण वेगळे असते. अमेरिकी मोटरहोममध्ये १२ व्होल्टची काळी तार प्लस आणि पांढरी तार मायनस असते. तिकडचे सामान बसवणारा इकडचा माणूस मात्र, काळी म्हणजे मायनस या सवयीने, काळी तार निःशंकपणे मायनसला लावतो.

आता खऱ्या गोंधळाकडे येतो. फ्यूज तारेचे रक्षण करतो, आणि तेही प्रमाणाबाहेर वाहणाऱ्या करंटपासून. उपकरणाला किती व्होल्ट मिळत आहेत याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. बॅटरी उलटी जोडली की कन्व्हर्टरमधील (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणाऱ्या पेटीतील) संरक्षक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि, चूक इंजिनाच्या बॅटरीपर्यंत पोहोचली असेल तर, अल्टरनेटरमधील (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातील) डायोड सरळ वाट मोकळी करून देतात. प्रचंड करंट वाहतो, बॅटरीच्या टोकावर मोठी ठिणगी पडते आणि फ्यूज उडतो. त्या ठिणगीची खूण टर्मिनलच्या शिशावर वितळलेल्या लहानशा खळग्याच्या रूपात पुष्कळदा राहते, ती अवश्य पाहावी. या चुकीत उडालेला फ्यूज ही चांगली बातमी असते, कारण बरेचदा नुकसान तिथेच थांबलेले असते. पण अमेरिकी पद्धतीच्या कन्व्हर्टरवर उलट्या जोडणीसाठी वेगळे फ्यूज असतात, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचे, आणि लोक दिव्यांचे व पंपाचे फ्यूज तपासून ‘सगळे शाबूत’ म्हणून मोकळे होतात. बाहेरची वीज जोडलेली असताना सगळे चालते आणि ती काढताच गाडी अंधारात जाते, असे होत असेल तर आधी हेच फ्यूज पाहावेत.

२४ व्होल्टच्या चुकीत मात्र फ्यूजच्या साक्षीला जवळजवळ काहीच किंमत नाही. एखादा साधा हीटर १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेत असेल तर २४ व्होल्टवर तो सुमारे ६ अँपिअर घेईल. १० अँपिअरचा फ्यूज जागचा हलणार नाही, पण हीटरमधील उष्णता मात्र जवळपास चौपट होईल. इलेक्ट्रॉनिक सर्किटची अवस्था याहून वाईट होते. फ्रिजच्या कंट्रोल बोर्डावर १६ व्होल्ट क्षमतेचे कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे छोटे डबीसारखे भाग) असतील तर त्यांचे सपाट माथे फुगून घुमटासारखे होतात, कधी आतले द्रव बोर्डावर पाझरते, आणि तरीही तो बोर्ड काही दिवस चालून मग दगा देऊ शकतो. म्हणून ‘त्या दिवशी तर चालत होता’ हा पुरावा मी मानत नाही. तारेचे साधे बल्ब जळालेले आणि फ्यूज मात्र सगळे शाबूत, असे चित्र दिसले तर २४ व्होल्टचाच संशय घ्यावा.

फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज बसवणे मला मुळीच मान्य नाही. त्याने दोष सापडत नाही, फक्त तार जळण्याची सोय होते. बल्ब लावलेल्या टेस्टरवर विसंबणेही तितकेच चूक आहे, कारण तो बल्ब प्लस-मायनस उलटे असले तरी तसाच पेटतो. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा आणि त्याची लाल तार प्लसच्या तारेवर, काळी तार मायनसच्या तारेवर धरावी. विश्रांतीतील पूर्ण चार्ज लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; आकड्याआधी वजाचे चिन्ह आले तर जोडणी उलटी आहे, आणि २५ च्या आसपास आकडा आला तर सिरीज झाली आहे. फ्यूज नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. उपकरण चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांवर, मायनसच्या तुलनेत, व्होल्टेज मोजावे.

उलट्या जोडणीनंतर फ्यूज बदलून इंजिन सुरू करावे आणि बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का ते पाहावे. येत नसतील तर आधी अल्टरनेटरचा मुख्य फ्यूज आणि मग त्याचे डायोड तपासून घ्यावेत. २४ व्होल्टनंतर मात्र बाहेरची वीज आणि सोलर पॅनेल काढून, सगळे फ्यूज उपसून, एकेक फ्यूज परत बसवत एकेक उपकरण स्वतंत्रपणे तपासावे. सोलर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्जिंग सांभाळणारा भाग) कधीही विसरू नये : काही कंट्रोलर पहिल्यांदा ओळखलेले बॅटरीचे व्होल्टेज कायमचे लक्षात ठेवतात, आणि ते पहिल्यांदाच या चुकीच्या २४ व्होल्टवर सुरू झाले असतील तर बॅटऱ्या पुन्हा पॅरलल केल्यावरही २४ व्होल्टच्याच मापाने वागतात. त्यांचे सेटिंग हाताने १२ वर आणल्याशिवाय पॅनेल परत जोडू नये.